मोजमाप कोणाचे आणि कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्रासाठी संयोजकांनी मला दिलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याजोगा आहे. अनुदानावर चालणारे प्रौढशिक्षणाचे वर्ग, वस्तीतील अभ्यासिका आणि तरुणांना रोजगारक्षम करण्यासाठी चालविले जाणारे प्रशिक्षणवर्ग, यांच्या यशापयशाचे मोजमाप कसे करावे, असा तो विषय आहे. तुमच्यापैकी अनेकजण असे वर्ग प्रत्यक्ष चालवीत आहात. कोणाला शासनाचे अनुदान मिळते, कोणाला एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून पैसे मिळतात. वर्षाअखेर देणाऱ्याकडून एक तक्ता येतो. लाभार्थी किती, प्रमाणपत्रे किती, नोकऱ्या किती, असे त्यात रकाने असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री जागून तो तक्ता भरला जातो आणि पुढच्या वर्षाचे अनुदान त्या भरलेल्या रकान्यांवर अवलंबून असते.

या तक्त्याविषयी आपल्या चळवळीत दोन प्रकारच्या वृत्ती मला आढळतात. एक वर्ग असे म्हणतो की आकडे ही धनिकांची भाषा आहे; माणसाची जागृती कोणत्याही फूटपट्टीने मोजता येत नाही, म्हणून मोजण्याच्या भानगडीत आपण पडू नये. दुसरा वर्ग व्यवहारी आहे. ज्याचे पैसे त्याचा तक्ता, तो मागेल ते भरून द्यावे आणि आपले काम चालू ठेवावे, असे तो म्हणतो. या दोन्ही वृत्ती सारख्याच घातक आहेत, असे मला आज मांडावयाचे आहे. पहिलीमुळे आपण स्वतःला फसवतो. दुसरीमुळे जगाला फसवतो आणि कालांतराने स्वतःलाही.

हे मी कोणत्याही उच्चासनावरून बोलत नाही. १९९० नंतरच्या काळात संपूर्ण साक्षरता अभियान जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले, तेव्हा मी अर्थशास्त्राचा तरुण अधिव्याख्याता होतो आणि आमच्या तालुक्यातील नवसाक्षरांची परीक्षा घेणाऱ्या गटात होतो. राष्ट्रीय साक्षरता मिशनने, १९८८ मध्ये त्याची स्थापना झाली होती, साक्षरतेचे निकष नेमके ठरवून दिले होते. साधा उतारा मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने मोठ्याने वाचता यावा, मिनिटाला सात शब्द पाहून लिहिता यावेत, शंभरापर्यंतचे अंक ओळखता यावेत, इत्यादी. निकष म्हणून ते वाईट नव्हते. आमच्या गटाने घेतलेल्या परीक्षेत विणकरांच्या वस्तीतील चाळिशीच्या एक बाई उत्तीर्ण झाल्या. थोडा हात सैल सोडून मीच त्यांना गुण दिले होते, कारण तालुका 'संपूर्ण साक्षर' घोषित होण्याची तारीख ठरलेली होती आणि मंडपाचे कंत्राटही दिले गेले होते.

पुढे दीड-दोन वर्षांनी त्याच बाई मला पोस्टात भेटल्या. काउंटरवर त्या अंगठा उठवीत होत्या. मला पाहून त्या ओशाळल्या नाहीत, ओशाळलो मी. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या परीक्षेपुरतं आलं होतं. नंतर वाचायला हातात काही आलंच नाही, मग गेलं." आमच्या अहवालात त्या साक्षर होत्या आणि आजही कोठल्यातरी दप्तरात त्या साक्षरच असतील. ही केवळ आमच्या तालुक्याची कथा नव्हे. अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये देशातील साक्षरता अभियानांचे परीक्षण केले, तेव्हा पूर्ण साक्षरतेच्या घोषणांची घाई आणि साक्षरोत्तर कार्याची आबाळ हे दोन्ही प्रश्न ऐरणीवर आले होते. त्याआधी, १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू होऊन पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेतही गावेच्या गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले होते आणि तेथेही पुढे अनेकांच्या हातून अक्षरे निसटून गेली होती. तीस वर्षांच्या अंतराने आपण तीच चूक पुन्हा केली, कारण दोन्ही वेळा समारंभाचा दिवस हाच मोजणीचा अखेरचा दिवस ठरला.

परंतु याच अभियानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गांतील वाचनपाठांत दारूमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या घराची गोष्ट होती. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती वाचली, त्यावर चर्चा केली आणि गावातील अरकचे, म्हणजे तेथील देशी दारूचे, दुकान बंद पाडले. १९९२ मध्ये हे लोण जिल्हाभर पसरले, अरकचे लिलाव रोखले गेले आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्य सरकारला अरकवर बंदी घालावी लागली. आता मला सांगा, मिनिटाला तीस शब्दांच्या कोणत्या रकान्यात हे फलित बसणार होते? त्या बायकांपैकी कित्येकजणी वाचनाच्या कसोटीत कदाचित अनुत्तीर्णही झाल्या असत्या. आमच्या तालुक्यात आम्ही जे मोजले ते टिकले नाही. नेल्लोरला जे घडले ते मोजण्याची व्यवस्थाच नव्हती. आपला सारा प्रश्न या दोन अनुभवांच्या मध्ये आहे.

आता थोडा इतिहास पाहू. निकाल पाहून पैसे देण्याची कल्पना आजच्या व्यवस्थापनतज्ज्ञांनी शोधली, असे अनेकांना वाटते. ती चांगली दीडशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेशी जोडले. निरीक्षक यावयाचा, प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावयाचा आणि मूल एका विषयात अनुत्तीर्ण झाले की त्याच्यापोटीच्या अनुदानातून ठराविक रक्कम कापली जावयाची. परिणाम काय झाला? मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. आजारी मुलांनाही परीक्षेच्या दिवशी शाळेत आणले जाऊ लागले. कसोटीत नसलेले विषय मागे पडले. शतकाच्या अखेरीस इंग्लंडने ती पद्धत सोडून दिली.

हीच पद्धत मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी वापरली जात होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील रयतेच्या कराच्या पैशाविषयीचा भाग आपल्याला ठाऊक असतो. परंतु त्यातील आणखी एका मुद्द्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. निकालानुसार अनुदान देण्याची ही पद्धत गरीब व अशिक्षित लोकांमध्ये शिक्षणाचा प्रसार करण्यास मुळीच योग्य नाही, असे जोतीरावांनी स्पष्टपणे सांगितले होते. त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर होता. ज्या समाजात शिक्षणाची आवडच अजून निर्माण झालेली नाही, तेथे निकालाच्या भरवशावर शाळा काढून कोणत्याही शिक्षकाचे पोट भरणार नाही. म्हणून असा शिक्षक तेथे जाणारच नाही. म्हणजेच निकालाला पैसे जोडले की पैसे निकाल सोपा असेल तिकडे वाहतात आणि जेथे गरज अधिक तेथे पोहोचत नाहीत. या पद्धतीचे सर्वांत नेमके विश्लेषण पुण्याच्या या माणसाने त्या काळी करून ठेवलेले आहे.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेने बेरोजगारांच्या प्रशिक्षणासाठी एक कायदा केला. त्यात स्थानिक संस्थांना नोकरी लागलेल्यांचे प्रमाण आणि त्यांचे वेतन यांवरून जोखण्याची व बक्षिसे देण्याची व्यवस्था होती. मग संस्था काय करू लागल्या? ज्यांना नोकरी लागण्याची शक्यता मुळातच अधिक, अशांना निवडून घेण्याकडे त्यांचा कल झाला. दुधावरची साय काढून घ्यावी तसे हे झाले. ज्याला नोकरी लागलेली नाही, त्याचा प्रशिक्षणक्रम 'पूर्ण झाला' अशी नोंदच लांबणीवर टाकावी, अशाही युक्त्या निघाल्या. पुढे हजारो अर्जदारांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून मोठा अभ्यास झाला. त्यातील माहितीच्या आधारे जेम्स हेकमन आदी अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की संस्थांना बक्षीस देणाऱ्या अल्पमुदतीच्या आकड्यांचा आणि प्रशिक्षणामुळे माणसाच्या मिळकतीत पडणाऱ्या दीर्घकालीन फरकाचा संबंध फारच क्षीण होता.

हे कसे घडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, एक केंद्र औद्योगिक शहरात आहे. तेथे बारावी झालेली शंभर मुले येतात व सत्तर जणांना नोकरी लागते. दुसरे केंद्र दुष्काळी तालुक्यात आहे. तेथे शाळा सोडलेल्या शंभर मुली येतात व तीस जणींना काम मिळते. तक्ता पाहणारा म्हणेल, पहिले केंद्र उत्तम, दुसरे निकामी. परंतु पहिल्या केंद्रातील सत्तरपैकी पासष्ट मुलांना प्रशिक्षणावाचूनही नोकरी लागली असती आणि दुसऱ्या केंद्रातील तीसपैकी फक्त पाच मुलींना लागली असती, तर? पहिल्या केंद्राची खरी कमाई पाच आणि दुसऱ्याची पंचवीस. म्हणजे पाचपट अधिक काम करणारे केंद्र बंद पडते आणि जे आपोआप घडले असते त्याचे श्रेय घेणारे केंद्र अनुदान मिळवते. जोतीरावांनी सांगितले होते ते हेच.

आपल्या देशात २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना राबविली गेली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळत. ३० टक्के सुरुवातीला, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि २० टक्के नोकरी लागल्यावर. म्हणजे प्रमाणपत्र छापले की ८० टक्के रक्कम हाती. अशा व्यवस्थेत कशाचे पीक येईल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरील अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या लाखो नोंदी तपासल्या गेल्या, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्ये किंवा 'लागू नाही' असली अक्षरे होती, अथवा जागाच कोरी होती. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम मिळाल्याची नोंद होती. यावर उपाय काय झाला? २०२२ नंतरच्या चौथ्या आवृत्तीत अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर नोकरी लागली की नाही, याचा मागोवा घेणेच सोडून देण्यात आले! तापमापक फोडला म्हणजे ताप उतरला, असे मानणाऱ्यातला हा प्रकार आहे.

म्हणूनच, मोजमाप नकोच असे म्हणणाऱ्या साथींना माझे सांगणे आहे की तुम्ही नकळत अशा सरकारी सोयीच्या बाजूला जाऊन उभे राहता. मोजमाप नसते तर ही लबाडी उघडही झाली नसती. प्रामाणिक मोजमापाने काम सुधारते, याचेही उदाहरण आहे. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात शाळाबाह्य मुलींची पटनोंदणी आणि मुलांचे वाचन-गणित यांसाठी एका स्वयंसेवी संस्थेने काम केले. मोजमाप त्रयस्थ संस्थेने केले, आणि ज्या गावांत काम नव्हते तेथील मुलांशी तुलना करून केले. दुसऱ्या वर्षाअखेर शिक्षणाचे उद्दिष्ट जेमतेम निम्मे गाठले गेले होते. ते आकडे पाहून कार्यकर्त्यांनी शिकविण्याची पद्धत बदलली, गैरहजर मुलांच्या घरी जाण्यास सुरुवात केली आणि अखेरीस उद्दिष्टाच्या १६० टक्के फलित मिळाले. यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

परंतु त्याच प्रकल्पाची अर्थरचना पाहा. पैसे गुंतविणारे एका परदेशी बँकेचे प्रतिष्ठान होते, निकाल लागल्यावर ते परत करणारे दुसरे परदेशी प्रतिष्ठान होते आणि गुंतवणुकीवर वर्षाला १५ टक्के परतावा दिला गेला. २०२१ मध्ये याच धर्तीवर ५०,००० तरुणांच्या प्रशिक्षणासाठी कौशल्य रोखा काढण्यात आला. त्यात नोकरीत तीन महिने टिकणे हे एक फलित धरलेले आहे. तीन महिने! ज्या मुलीने गाव सोडून दूरच्या शहरात वसतिगृहात राहून काम धरले, तिच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे काय? खरा प्रश्न चौथ्या महिन्यात सुरू होतो.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यावाचून आपले सारे मोजमाप दिशाभूल करणारे ठरेल. प्रशिक्षणाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. दहा खुर्च्या आणि तीस माणसे असतील, तर दहा जणांना चपळ बनविल्याने ते बसतील, परंतु खुर्च्या दहाच राहतील. प्रशिक्षण झालेल्याला मिळालेली जागा बहुधा दुसऱ्या कोणा गरिबाची गेलेली असते, आणि तो आपल्या तक्त्यात कोठेच नसतो. म्हणून उरलेल्या ५९ टक्क्यांचे अपयश हे त्या मुलांचे किंवा शिकविणाऱ्यांचेच अपयश आहे, असे जो तक्ता सुचवितो, तो रोजगाराच्या प्रश्नावर पांघरूण घालतो. ज्यांना काम मिळाले नाही त्यांची यादी ही लपविण्याची वस्तू नव्हे, ती आपल्या मागणीपत्राचे पहिले पान आहे.

तर मग आपण काय करावे? माझ्या मते पुढील पाच गोष्टी लहानशा वर्गालाही शक्य आहेत.

पहिली : वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी विचारा, तू कशासाठी आलास? उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवहीत एका ओळीत लिहा. कोणी म्हणेल, रेशनच्या दुकानातली पावती वाचता यावी. कोणी म्हणेल, घरी बसून शिवणाचे दोन पैसे मिळावेत. वर्षाअखेर तीच ओळ त्याच्यासमोर ठेवून विचारा, झाले का? देणगीदाराचे रकाने त्यानंतर.

दुसरी : टक्केवारी काढताना पहिल्या दिवशी पटावर असलेल्या सर्वांना हिशेबात धरा. मध्येच सुटलेल्यांना वगळून काढलेली टक्केवारी खोटी असते. जे सुटले त्यांच्या घरी जा आणि कारण लिहा. ऊसतोडीला गेली, लग्न झाले, बसची वेळ बदलली, ही कारणे हेच आपले खरे शिक्षण आहे.

तिसरी : वर्षभराने पुन्हा जा. काम टिकले का, वेतन किती, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, सोडले तर का सोडले, हे विचारा. आता कायदाही आपल्या बाजूने आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाच्या एक कोटी रुपये वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे, ते पूर्ण झाल्यावर किमान एक वर्षाने, त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. मग लहान प्रकल्पांतही वर्षभरानंतरच्या भेटींचा खर्च अंदाजपत्रकात धरा, अशी मागणी आपण का करू नये?

चौथी : तुलनेवाचून निष्कर्ष काढू नका. जागा तीस आणि अर्ज साठ असतील, तर ओळखीपाळखीने प्रवेश देण्याऐवजी सर्वांसमोर चिठ्ठ्या टाका. ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचीही वर्षभराने भेट घ्या. दोन्ही गटांतील फरक हीच आपली खरी कमाई. शिवाय चिठ्ठ्या टाकल्याने वशिल्याचाही प्रश्न मिटतो.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : हे आकडे जाहीरपणे वाचा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेऊन सरकारी कामांची हजेरीपत्रके गावासमोर वाचून दाखविली. मेलेल्या माणसांच्या नावे उचललेली मजुरी तेथे उघड झाली, कारण ऐकणाऱ्यांना ती माणसे ठाऊक होती. त्यातूनच २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. आपल्या वर्गाचा अहवालही देणगीदाराकडे जाण्यापूर्वी वस्तीत वाचला गेला पाहिजे. पोस्टात भेटलेल्या त्या बाईंसमोर मला माझा अहवाल वाचावा लागला असता, तर हात सैल सोडून गुण देण्याचे धाडस मला झाले नसते.

आणि या सर्वांमागे एक पथ्य आहे. मोजमाप आणि शिकविणाऱ्याचे मानधन यांची सांगड कदापि घालू नका. जिच्या हातात परीक्षा आहे, तिच्या घरातली चूल त्या परीक्षेवर पेटत असेल, तर तिला प्रामाणिक राहण्यास सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मला कल्पना आहे की कोणी म्हणेल, "सर, हे सर्व ठीक. पण खरे आकडे दिले तर अनुदान बंद होईल आणि चालू असलेला वर्गही जाईल." ही भीती काल्पनिक नाही. असे घडू शकते आणि काही ठिकाणी घडेलही. त्यावर माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. एवढेच सांगतो की साठ जणींनी सुरू केलेल्या वर्गात बावीस जणी टिकल्या, असे कारणांसह लिहून देणाऱ्या कार्यकर्त्यावर विश्वास ठेवणारे देणगीदार असतात, आणि नसतील तेथे ते अनुदान आपल्याला आज ना उद्या खोटे बोलावयास लावणारच आहे. शासनाचे अनुदान असेल, तर ते मुळात जनतेचेच पैसे आहेत. त्याचा खरा हिशेब मागणे आणि देणे, हे दोन्ही आपलेच काम आहे.

येत्या जूनमध्ये तुमचे नवे वर्ग सुरू होतील. नव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर देणगीदाराचे नाव लिहिण्यापूर्वी, शिकावयास आलेल्या पहिल्या माणसाने सांगितलेली ती एक ओळ लिहा. पुढच्या वर्षीच्या शिबिरात आपापल्या नोंदवह्या घेऊन या. आपण त्या येथे सर्वांसमोर वाचू. माझी तब्येत साथ देईल तर मीही ऐकावयास येईन.